अर्धा दागिना

साल १८९०. मोरोक्कोच्या दक्षिणेला तिझनीत गावात तुम्ही उभे आहात. सुलतान पहिला हसन याने काही वर्षांपूर्वीच वसवलेल्या या गावाची मातीची तटबंदी अजून नवी आहे. समोरच्या अरुंद दुकानात एक ज्यू कारागीर मांडी घालून बसलाय. मुशीत स्पॅनिश नाणी वितळताहेत. इथल्या दागिन्यांची चांदी बऱ्याचदा नाण्यांतूनच येते.

जरा जवळ सरका. दोन पोकळ वाट्या जुळवून त्याने लिंबाएवढं पदक घडवलंय. त्यावर तो बारीक तारेची नक्षी मांडतो, टाकणखार लावतो आणि फुंकणीने ज्योत वळवून डाक पक्का करतो. तारेच्या घरांत हिरवा-पिवळा मीना भरायचाय. मग आत ठेवायचा सुगंध बाहेर यावा म्हणून भोकं पाडायची वेळ येते आणि त्याचा हात मंदावतो. भोकं मोठी झाली तर गंध उडून जाईल, फार बारीक राहिली तर आतच कोंडेल.

आता दाराशी आलेल्या अमाझिग (बर्बर) बाईकडे पाहा. अंगावरची चांदी तिच्या स्वतःच्या मालकीची. दुष्काळात ती मोडून घर तगवायचं. सुगंधाचं मिश्रण तिने घरीच केलंय. हिमालयातल्या मृगाची कस्तुरी, झांझिबारकडची लवंग, तालिविनच्या डोंगरउतारांवरचं केशर. त्यात भिजवलेला लोकरीचा बोळा ती पदकात ठेवते, झाकण लावते, गळ्यात घालते. वाईट नजर आणि जिन्न यांना असा दरवळ थोपवतो, अशी इथली श्रद्धा आहे. चांदीला अंगाची ऊब लगेच लागते. आधी लवंग जाणवते; कस्तुरी सर्वांत शेवटी येते आणि बाई निघून गेल्यावरही गल्लीत रेंगाळते.

सत्तर-ऐंशी वर्षं पुढे या. १९४८ नंतर मोरोक्कोतले बहुतेक ज्यू इस्रायल, फ्रान्सकडे निघून गेलेत. त्यांच्या कामाचा वारसा तिझनीतच्या मुस्लिम कारागिरांनी चालू ठेवलाय.

आणि आज? तुम्ही संग्रहालयात, काचेसमोर आहात. पाटीवर धातू, प्रदेश, अंदाजे काळ लिहिलेला आहे. गंधाचा मात्र मागमूस नाही. म्हणून असं पदक दिसलं की नुसती नक्षी पाहून पुढे जाऊ नका. त्यात काय भरलं जायचं, कोण भरायचं, हे आवर्जून विचारा. अर्धा दागिना दुकानात घडला. उरलेला अर्धा घरात, सुगंध जमवणाऱ्या बाईच्या हातून. कारागीर म्हणून तिचीही नोंद व्हायला हवी.