घडी : वस्त्राची आणि काळाची

माहूरगडावर रेणुकेच्या ओटीत जे लुगडे पडते ते कोरे, घडी न मोडलेले असते. नेसलेले वस्त्र देवीला चालत नाही. घरी हेच लुगडे कुणीतरी पहिल्यांदा नेसते, तेव्हा तिने त्याची 'घडी मोडली' असे म्हणतात. येथे घडी म्हणजे वस्त्राचे नवेपण. 'घडीची पोळी' म्हणताना तोच शब्द पदर सुचवतो, आणि 'संसाराची घडी बसली' म्हणताना व्यवस्था.

दुसरी घडी काळाची. तळाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर ठेवले की 24 मिनिटांत भरून बुडते. अशा साठ घटिकांचा अहोरात्र. 'घडीभर', 'घडोघडी' ही रूपे तिचीच. या दोन अर्थांत गूढ ऐक्य पाहण्याचा, काळ जणू वस्त्रासारखा दुमडला जातो असे मानण्याचा मोह समीक्षेला पडतो. तो आवरलेला बरा. गुजरातीत वस्त्राची 'गडी' आणि काळाची 'घडी' असा उच्चारभेद टिकून आहे. हिंदीत 'घडी' काळापुरतीच, कपड्यासाठी 'तह'. मराठीतही क्रियापदे वेगळी आहेत. वस्त्राची घडी घालतात, मोडतात. ती बसते, विस्कटते. काळाची घडी येते, जाते, भरते. कवीने श्लेष साधावा. व्युत्पत्तीने तो खरा मानू नये.

व्यवस्थेचा अर्थ वस्त्राच्या घडीतूनच आला, हे 'बसणे' आणि 'विस्कटणे' यांवरून उघड आहे. त्यात एक गृहीतही शिरले : कापड जुन्या मोडीवरच सहज दुमडते. म्हणून 'घडी बसवणे' हा शब्दप्रयोग सुधारकाच्या तोंडीही थोडा सनातनी वाटतो.

माहूरच्या परिसरात या शब्दाला शेजारही विलक्षण लाभला. तेलुगूत घडीला 'मडत' म्हणतात. 1948 पर्यंत निजामी राजवटीत शाळेची भाषा उर्दू; तेथे 'तह करना' म्हणजे घडी घालणे. मराठी बखरीत मात्र 'तह' म्हणजे संधी. उदगीरला 1760 मध्ये निजामाशी झाला तो तह. एकाच विद्यार्थ्याच्या कानी दोन्ही तह पडत. पुढे 1956 मध्ये किनवट तालुका आदिलाबादेतून काढून नांदेडला जोडला गेला. कारभाराची घडी बदलली. घरात लुगड्याला मात्र 'घडी'च घातली जात राहिली, 'तह' नव्हे.