आग्नेय अलास्कातील बंदरगावे

अमेरिकेच्या अलास्का राज्याचा, कॅनडा आणि पॅसिफिक महासागर यांच्यामधला चिंचोळा किनारी पट्टा. बेटे, फ्योर्ड, हिमनद्या आणि टाँगस राष्ट्रीय वन (सु. ६८,००० चौ. किमी.) यांनी तो व्यापला आहे. मूळ रहिवासी ट्लिंगिट व हैडा.

स्कॅगवे, हेन्स यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर इथल्या गावांना बाहेरून येणारा रस्ता नाही. राजधानी जूनोलाही नाही. विमान किंवा बोट, एवढेच पर्याय. राज्य सरकारची फेरीसेवा १९६३ पासून चालते. केबिनचे भाडे वाचवणारे प्रवासी डेकवरच तंबू टाकतात आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून चिकटपट्टीने फरशीला घट्ट बसवतात. आलिशान क्रूझपेक्षा हा प्रवास अधिक अस्सल.

केचिकनमध्ये वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणाइतकाच, पण बाराही महिने. लाकडी खांबांवर ओढ्यात उभी असलेली क्रीक स्ट्रीटवरची घरे आणि टोटेम स्तंभ ही गावाची ओळख. सिटका ही रशियन अलास्काची राजधानी होती. अलास्का अमेरिकेला विकण्याच्या ७२ लाख डॉलरच्या सौद्यानंतर १८ ऑक्टोबर १८६७ रोजी येथेच रशियन निशाण उतरवण्यात आले. येथील सेंट मायकेल कॅथीड्रल १९६६ मध्ये जळाले. आजची वास्तू पुनर्निर्मित आहे. जूनो सोन्याच्या शोधातून १८८० मध्ये वसले. जवळच्या मेंडेनहॉल हिमनदीपर्यंत मोटारीने जाता येते, मात्र ती सतत मागे हटत आहे.

इतिहासप्रेमींनी स्कॅगवे चुकवू नये. कॅनडातील क्लोंडाइकच्या सोन्यासाठी १८९७-९८ मध्ये हजारो लोक इथे उतरले. कॅनडाच्या पोलिसांनी वर्षभराच्या शिध्याची अट घातल्याने सुमारे टनभर सामान खेपा घालून खिंडीपलीकडे न्यावे लागे. व्हाइट पास या खिंडीच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले. १९०० मध्ये पूर्ण झालेली अरुंदमापी रेल्वे आता पर्यटकांना त्याच खिंडीत नेते, ३२ किमी.त ती सु. ८७० मी. चढते.

हंगाम मे ते सप्टेंबर. मोठी जहाजे धक्क्याला लागली की चिमुकली गावे गर्दीने गुदमरतात. म्हणून जूनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा ठेवली. निसर्ग पाहायचा तर मुक्काम करावा. धक्क्यावरच्या दागिन्यांच्या दुकानांत वेळ घालवू नये. स्कॅगवेहून पुढे कॅनडातील व्हाइटहॉर्सला जायचे असल्यास भारतीय पारपत्रधारकांना कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.