पासोडी, पुराण आणि प्रार्थनेची वही

आमच्या टीममधली एक मुलगी वसईची, कॅथलिक. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिच्या बॅगेत एक जाडजूड वही येते. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत उपवासाचे चाळीस दिवस, रोज एक पान. बायबलमधला छोटा उतारा वाचायचा, त्याखाली मनात येईल ते लिहायचं, जमलं तर चित्र काढायचं. तीच तिची त्या दिवसाची प्रार्थना. यावर टीममधल्या एकाने "हे सगळं अमेरिकन फॅड आहे" अशी पिंक टाकली. रंगीत पेनं आणि स्टिकर्स बघता त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही म्हणा. पण मी पडलो बीड जिल्ह्यातला, तोही अंबाजोगाईचा. लिहिणं हीच उपासना असू शकते हे आम्हाला अमेरिकेने शिकवायची गरज नाही!

कारण आमच्याकडे दासोपंत होऊन गेले. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' लिहिणारा माणूस. रोज ढब्बू पैशाची शाई संपेल एवढं लिहायचे, अशी आख्यायिका गावात अजून सांगतात. (कीबोर्डवर बसूनही माझ्याने महिन्याला एक लेख होत नाही, असो.) त्यांची खरी कमाल म्हणजे 'पासोडी'. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद असं जाड कापड, आणि त्यावर 'पंचीकरण' हा वेदान्ताचा विषय ओव्यांत लिहिलेला. ओव्या साधारण सोळाशे, आणि नुसत्या ओव्या नाहीत, जागोजागी आकृत्या आणि कोष्टकं. आजच्या भाषेत चाळीस फुटी आर्ट जर्नल! शाळेत असताना मी ती पहिल्यांदा पाहिली. मजकूर काही कळला नव्हता, पण एका माणसाने हे सगळं हाताने लिहिलंय एवढं कळलं आणि तेवढंच लक्षात राहिलं.

दासोपंत शके 1537 च्या माघात गेले, म्हणजे 1616 च्या सुरुवातीला. त्याच 1616 मध्ये तिकडे गोव्यात, साष्टीतल्या रायतूरला एक मराठी ग्रंथ छापला गेला: फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण'. या दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नाही. पण छंद एकच, ओवी.

स्टीफन्स मूळचा इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आलेला जेझुइट. त्याचं जेझुइट असणं इथे महत्त्वाचं आहे. या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने प्रार्थनेची एक पद्धतच आखून दिली होती. तिचं पुस्तक 1548 मध्ये छापलं गेलं. पद्धत अशी की बायबलमधला प्रसंग डोळ्यासमोर उभा करायचा, जागा कशी असेल, कोण काय बोललं, आपण तिथे कुठे उभे आहोत हे मनात बघायचं. साधनेचे चार टप्पे, त्यांना 'आठवडे' म्हणतात, आणि त्यातला तिसरा सगळा येशूच्या दुःखभोगावर. इग्नेशियस स्वतः प्रार्थनेची रोजनिशी ठेवायचा. तिचा 1544-45 मधला काही भाग आजही उपलब्ध आहे. म्हणजे आमच्या वसईकरणीच्या वहीचं मूळ शोधायचं तर ते इन्स्टाग्रामच्या बरंच आधी सापडतं. या तालमीत तयार झालेल्या माणसाने ओवी हातात घेतली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांत आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा मराठीत उभी केली.

आता आपल्या धंद्यातली गंमत. हे मराठी पुस्तक छापलं रोमन लिपीत. का? तर फॉन्टचा प्रॉब्लेम! देशी लिपीत छापायची स्टीफन्सची फार इच्छा होती. 1608 च्या एका पत्रात त्याने रोमला कळवलंय की अक्षरांचे साचे जवळजवळ 600 लागतात, पण युक्तीने ते 200 वर आणता येतील. युनिकोडच्या आधी मराठी टाइप करायला धडपडलेल्या कुणालाही हे वाचून भरून येईल. ते काम तेव्हा झालं नाही.

पण नुसतं कौतुक करून पुढे जाणं बरोबर नाही. साष्टीतली देवळं 1567 मध्ये पोर्तुगीजांनी पाडली होती, जुने ग्रंथ निषिद्ध ठरवले होते. पुराणाच्या सुरुवातीलाच नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचं काय? म्हणजे हा ग्रंथ भेट आहे आणि भरपाईही. मला स्टीफन्स आवडतो, पण ज्या सत्तेने ही पोकळी निर्माण केली तिच्याच आश्रयाला तो राहत होता, हे विसरता येत नाही. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषाच मोडून काढायचं फर्मान काढलं. अशा हवेत देशी भाषेतलं ख्रिस्ती पुराण तरी कसं टिकणार?

1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या. आज त्यातली एकही प्रत सापडत नाही. एकही नाही! मग आपल्याला हे पुराण मिळालं कसं? लोकांनी हाताने उतरवून घेतलं म्हणून. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. टिपूने 1784 मध्ये कानडा किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेलं, तिथे 1799 पर्यंतच्या कैदेत याच ओव्यांचा आधार होता, अशी त्या समाजाची आठवण आहे. छापखान्याने जे राखलं नाही ते वह्यांनी आणि पाठांतराने राखलं. बॅकअप म्हणतात तो हाच.

अगदी अलीकडचं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. 'स्मृतिचित्रे' आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, निदान शाळेतला धडा तरी. पण रेव्हरंड टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेलं, हे फारसं कुणी सांगत नाही. टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते आणि 1919 मध्ये ते गेले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईने त्यापुढे चौसष्ट अध्याय लिहिले, ओवीतच. 24 फेब्रुवारी 1936 ला त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आलं 1938 मध्ये.