टर्नर सिंड्रोम आणि मधुमेह

टर्नर सिंड्रोम हा फक्त मुलींमध्ये आढळणारा जनुकीय विकार आहे. स्त्रीच्या पेशीत सहसा दोन एक्स गुणसूत्रे असतात. इथे त्यांपैकी एक नसते किंवा अपुरे असते. जन्मणाऱ्या साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीला तो असतो. अमेरिकी डॉक्टर हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे मूळ गुणसूत्रांत असल्याचे १९५९ मध्ये उघड झाले.

काही बाळांच्या हातापायांचे पंजे जन्मतःच सुजलेले असतात, मानेवर कातडीची जादा घडी असते. पुढे उंची खुंटते, पाळी बहुधा आपणहून येत नाही. उंची डोळ्यांना दिसते, म्हणून घरचे तिच्यासाठी धावपळ करतात. रक्तातली साखर दिसत नाही आणि तिची तपासणी राहून जाते.

डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर बेतलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. टर्नर सिंड्रोम असलेल्या स्त्रियांमध्ये टाइप २ मधुमेहाचे प्रमाण इतर स्त्रियांच्या चौपटीहून अधिक, तर टाइप १ चे दहापटीहून अधिक आढळले.

वाढलेले वजन हे याचे एकमेव कारण नव्हे. सडपातळ मुलीचे स्वादुपिंडही इन्सुलिन सोडण्यात कमी पडू शकते. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात साखर अगदी ठीक येते; पण ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतले, की ती चढलेली दिसते. एक्स गुणसूत्राची आखूड भुजा जाऊन लांब भुजा दुप्पट झालेली असेल, तर धोका आणखी वाढतो.

उंचीसाठी रोज दिले जाणारे वाढ-हार्मोनचे इंजेक्शन इन्सुलिनचा परिणाम काहीसा कमी करते. इंजेक्शने थांबल्यावर हा परिणाम ओसरतो. त्यामुळे साखरेच्या धास्तीने हे उपचार नाकारू नयेत. ते चालू असताना साखरेवर लक्ष ठेवावे.

सिनसिनाटी येथे २०१६ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तयार झाल्या. त्यांनुसार वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, तपासावी; जोडीला उपाशीपोटीची साखरही पाहता येते. थायरॉइडचे विकार आणि गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा सीलिअॅक आजारही या मुलींमध्ये अधिक दिसतात, म्हणून त्यांच्या तपासण्याही ठरलेल्या असतात. मात्र मुलगी सारखे पाणी मागू लागली, रात्री लघवीला वारंवार उठू लागली किंवा खाऊनपिऊन वाळू लागली, तर वार्षिक तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी.