मंगळूरला न पटलेल्या जखमा

लहानपणी आजोबांबरोबर बावधनचं बगाड बघायला गेलो होतो. आमच्या कामथडीहून निघून खंबाटकी घाट ओलांडला की वाईच्या अलीकडे-पलीकडे सगळी गर्दीच. शिडाला बांधलेल्या बगाड्याकडे बोट दाखवून आजोबा म्हणाले, "पूर्वी पाठीत गळ टोचायचे." मी विचारलं, "दुखायचं नाही?" ते म्हणाले, "नवसाचं दुखणं वेगळं."

नवसाची जखम माणूस स्वतः मागून घेतो. ख्रिस्ती परंपरेत मात्र न मागता उमटलेल्या जखमांच्या कथा आहेत. येशूला क्रुसावर जिथे खिळे ठोकले आणि भाला खुपसला, त्याच जागी भक्ताच्या अंगावर जखमा दिसणं म्हणजे स्टिग्माटा. १२२४ साली इटलीतल्या ला व्हेर्ना डोंगरावर असिसीच्या फ्रान्सिसच्या अंगावर त्या उमटल्या असं सांगतात. तिथपासून अशी शेकडो माणसं नोंदली गेली. त्यातली एक आपल्याच किनाऱ्यावर, गोव्याहून गेलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांच्या मंगळूरमध्ये राहून गेली.

मरियम बवार्दी. जन्म १८४६, गालीलमधलं इबिलीन गाव. आईवडील लहानपणीच गेले. लिहिता-वाचता येत नव्हतं, लोकांकडे घरकाम करून ती जगली. १८६७ साली फ्रान्समधल्या पो शहरातल्या कार्मेलाईट मठात दाखल झाली. तिच्या जखमा आणि तंद्री यांत तिथल्या नन्सना देवाची कृपा दिसली. १८७० मध्ये मंगळूरला नवा मठ उभारायला निघालेल्या तुकडीत तीही होती. नोव्हेंबर १८७१ मध्ये मंगळूरलाच तिने अखेरचं व्रत घेतलं.

आणि तिथेच सगळं फिरलं. वरिष्ठांना संशय आला: हे ढोंग असेल, नाहीतर सैतानाचा खेळ. १८७२ मध्ये तिला परत पोला पाठवलं. बाई तीच होती, जखमाही त्याच. बदलले होते फक्त बघणारे.

हे तिच्यापुरतंच नाही. इटलीतल्या पाद्रे पिओच्या हातांवर १९१८ साली जखमा दिसल्या. डॉक्टरांनी त्या तपासल्या, पुढे चर्चनेच काही काळ त्याला लोकांसमोर मिस्सा करायला बंदी घातली आणि २००२ मध्ये त्यालाच संत ठरवलं. जखमा कशाने होतात यावर आजही एकमत नाही. खुद्द चर्चसुद्धा जखमेला संतपणाचा पुरावा मानत नाही. माणूस जगला कसा, हे बघतं.

मग मरियम कशी जगली? १८७५ मध्ये ती बेथलेहेमला गेली. तिथे नवा मठ बांधायचा होता आणि अरबी येणारी ती एकटीच, म्हणून गवंड्यांवर देखरेख तिच्याकडे. ऑगस्ट १८७८ मध्ये मजुरांना पाणी नेताना ती पडली. हात मोडला, तो चिघळला आणि २६ ऑगस्टला, बत्तिसाव्या वर्षी ती गेली. २०१५ साली ती संत झाली.

हातापायांवरच्या जखमांवर दोन खंडांत वाद झाला. जिने जीव घेतला, त्या जखमेबद्दल कुणालाच शंका नव्हती. ती पाण्याची भांडी उचलताना झाली होती. आजोबा असते तर मी त्यांना विचारलं असतं, हे दुखणं कशाचं म्हणायचं?