साउंड कार्ड: खेळासाठी की गाण्यासाठी?

नवा संगणक घेताना प्रोसेसर कोणता, मेमरी किती, ग्राफिक्स कार्ड कोणते यावर घरात आठवडाभर चर्चा होते. आवाजाचा विषय निघतो तो संगणक घरी आल्यावर. दुकानदाराला विचारावे तर ‘ऑनबोर्ड आहे ना, वेगळे कशाला हवे?’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अनेकांच्या बाबतीत बरोबर असते. मात्र सर्वांच्या बाबतीत नसते. घरातील एकाला गेम खेळायचे असतात आणि दुसऱ्याला गाणे ध्वनिमुद्रित करायचे असते, तेव्हा दोघांची गरज एकाच कार्डावर भागेल असे गृहीत धरणे महागात पडते.

साउंड कार्डाचे मूळ काम दुहेरी आहे. संगणकातील आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करून ते स्पीकरकडे पाठविणे आणि माइककडून आलेल्या लहरींचे पुन्हा आकड्यांत रूपांतर करणे. ऑडिओ सीडीमध्ये प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. सुरुवातीच्या पीसीला यातले काहीच येत नसे. त्याच्याकडे फक्त ‘बीप’ करणारा लहानसा स्पीकर होता. १९८७ मध्ये कॅनडातील अ‍ॅडलिब कंपनीच्या कार्डाने पीसीवरील खेळांना संगीत दिले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. त्यात संगीताबरोबर मुद्रित आवाज आणि जॉयस्टिकची जोडणीही होती. पुढे काही वर्षे ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ हे शब्द खोक्यावर नसतील तर कार्ड विकले जाणे कठीण असे.

या मक्तेदारीला खरा धक्का दुसऱ्या कार्डाने नव्हे, तर मदरबोर्डनेच दिला. इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके आणली आणि काही रुपयांच्या चिपमधून ऐकण्याजोगा आवाज मदरबोर्डवरच मिळू लागला. तरीही गेम खेळणारे कार्ड घेत राहिले, कारण त्या काळी खेळातील आवाजाची दिशा आणि घुमारा यांचे गणित कार्डावरची चिप करीत असे. ऑरियलच्या ए-थ्रीडी तंत्रात मागून येणारी पावले खरोखर मागून येत आहेत असा भास होई. क्रिएटिव्हने ईएएक्स हे तंत्र आणले आणि साउंड ब्लास्टर लाइव्ह (१९९८), ऑडिजी (२००१) व एक्स-फाय (२००५) ही कार्डे त्याच बळावर खपली. ऑरियल मात्र क्रिएटिव्हबरोबरच्या न्यायालयीन लढाईनंतर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे वळण २००७ मध्ये आले. विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ध्वनीची यंत्रणा नव्याने रचली आणि गेमला डायरेक्टसाउंडमार्फत कार्डावरच्या चिपशी थेट बोलता येण्याचा मार्ग बंद केला. जुन्या खेळांतील ईएएक्स टिकविण्यासाठी क्रिएटिव्हला अल्केमी नावाची वेगळी प्रणाली द्यावी लागली. तेव्हापासून नवे गेम आवाजाचे बहुतेक सर्व गणित मुख्य प्रोसेसरवरच करतात आणि कार्डाच्या हाती तयार ध्वनी देतात. त्यामुळे ‘चांगले कार्ड घेतले की गेम वेगाने चालेल’ हा सल्ला आज कोणी देत असेल, तर तो सल्ला जुना झाला आहे.

मग गेमसाठी काय पाहावे? आवाज कोणत्या दिशेने आला हे आपला मेंदू दोन्ही कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून ठरवतो. हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. शिवाय कानाच्या पाळीमुळे आवाजाच्या पोतात सूक्ष्म बदल होतो. हे दोन्ही परिणाम गणिताने निर्माण करून साध्या दोन स्पीकरच्या हेडफोनवरही चहूबाजूंचा आभास देता येतो. अनेक गेममध्ये ही सोय आता आतच असते. अशा वेळी कार्डाच्या प्रणालीतील ‘व्हर्च्युअल ७.१’ सुद्धा चालू ठेवले, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा कळण्याऐवजी सारे धूसर होते. दोहोंपैकी एकच चालू ठेवावे. कार्डाच्या खोक्यावरील रंगीबेरंगी दाव्यांपेक्षा या एका बटणाने अधिक फरक पडतो.

आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. यूएसबी हेडसेटमध्ये स्वतःचे छोटे साउंड कार्ड असतेच. ब्लूटूथ हेडफोनही आपले रूपांतर आपणच करतो. अशी उपकरणे वापरणाऱ्याने संगणकात कितीही भारी कार्ड बसविले, तरी आवाज त्या कार्डातून जातच नाही. प्रस्तुत प्रतिनिधीने ही चूक स्वतः केली आहे. कार्ड आणले, पेटी उघडून बसविले, दोन दिवस ‘काय सुरेख फरक पडला’ असे सर्वांना सांगितले आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आले, की हेडसेट यूएसबीच्या खाचेतच होता!

संगीत ऐकण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. १६ बिटांत सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळते. शहरातील घराची शांतता लक्षात घेता ऐकण्यासाठी ते पुरेसे आहे. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ हे आकडे पाहून केवळ ऐकण्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. आकडा मोठा असला म्हणजे कार्ड चांगले, असेही नव्हे. गाजलेले साउंड ब्लास्टर लाइव्ह आतून फक्त ४८ किलोहर्ट्झवरच चाले आणि सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज त्याला बदलून घ्यावा लागे. संगीताचे कान असलेल्यांनी त्याबद्दल तेव्हाच नाके मुरडली होती. ऐकणाऱ्याला खरा फरक दोन ठिकाणी जाणवतो. एक म्हणजे पेटीच्या आत ग्राफिक्स कार्ड व पॉवर सप्लायमुळे निर्माण होणारी खरखर. दुसरे म्हणजे हेडफोनची भूक. साधे हेडफोन ३२ ओहमच्या आसपास असतात, तर सेनहायझर एचडी ६०० सारखा हेडफोन ३०० ओहमचा आहे. तो मदरबोर्डच्या जॅकला लावला की अनेकदा आवाज बारीक आणि निर्जीव येतो. असा हेडफोन घरात असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर असलेले कार्ड किंवा बाहेरचा यूएसबी डॅक घेण्यास अर्थ आहे. तो नसेल, तर तेच पैसे चांगल्या स्पीकरवर खर्च करावेत.

ध्वनिमुद्रणाचा मामला मात्र पूर्णपणे निराळा आहे, आणि चुकीची खरेदी सर्वाधिक होते ती इथेच. समजा, एखादी विद्यार्थिनी हेडफोनवर तानपुरा व तबला ऐकत गात आहे. तिचा आवाज माइकमधून संगणकात जातो, तिथे नमुन्यांच्या गठ्ठ्यांत साठतो आणि फिरून तिच्या कानी येतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा एक गठ्ठा म्हणजे ५.३ मिलिसेकंद. जाताना एक, येताना एक आणि वर मधल्या यंत्रणेचा वेळ. ध्वनी हवेतून १० मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर जातो. तेवढे अंतर गायक आणि साथीदार यांच्यात असले तरी चालते. हाच विलंब ५०-६० मिलिसेकंदांवर गेला, की सम गाठल्यानंतर ती पुन्हा एकदा कानावर येते आणि लयीला पक्की असलेली मुलगीही बिचकते. दोष तिच्या रियाजाचा नसतो. विंडोजमधील हा विलंब टाळण्यासाठी जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एसिओ ही पद्धत आणली. मुद्रणासाठी उपकरण घेताना निर्मात्याचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर आहे का, हा पहिला प्रश्न असावा. माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारे ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण असल्यास विलंबाचा प्रश्न जवळजवळ मिटतोच.

दुसरी अडचण माइकची. स्टुडिओतील कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा ‘फँटम पॉवर’ लागतो. गेमिंग कार्डाच्या छोट्या गुलाबी जॅकमधून तो मिळत नाही. म्हणून गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनी पेटीत बसणाऱ्या कार्डाच्या मागे न लागता बाहेर ठेवण्याचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. एकट्या गायकाला एक माइक-इनपुट पुरतो. तबला नीट मुद्रित करायचा तर दायाला एक आणि डग्ग्याला एक असे किमान दोन इनपुट हवेत. २४ बिटांचा खरा उपयोग इथे होतो: चाटीवरचा जोरकस आघात फाटू नये म्हणून पातळी मुद्दाम कमी ठेवली, तरी नाजूक बोल खरखरीत हरवत नाहीत.

जुनी कार्डे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वा ओळखीपाळखीतून स्वस्तात मिळू शकतात. त्यांतील बरीचशी पीसीआय स्लॉटची असतात आणि नव्या मदरबोर्डवर तो स्लॉट सहसा नसतो. तेव्हा घेण्यापूर्वी स्लॉट आणि आपल्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे की नाही, हे दोन्ही पाहावे.

खर्च करण्याआधी एक चाचणी घरीच करता येते. हेडफोन पेटीच्या पुढच्या नव्हे, मागच्या जॅकला लावावा, काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवावा आणि माउस हलवावा. माउसबरोबर चिरचिर बदलत असेल, तर ती मदरबोर्डची खरखर आहे. बाहेरच्या उपकरणाने ती बहुधा जाते. स्पीकरमधून सतत एकसुरी घरघर येत असेल, तर आधी घरातील अर्थिंग तपासून घ्यावे आणि संगणक व स्पीकर एकाच बोर्डावरून चालवून पाहावेत. घरघर थांबते म्हणून काही जण थ्री-पिनची जाड पिन काढून टाकतात. तसे कदापि करू नये, धातूच्या पेटीत वीज उतरल्यास जिवावर बेतू शकते. आणि हेडफोन शांत असेल, आवाज भरपूर असेल व घरात कोणी गात-वाजवत नसेल, तर दुकानदाराचे ते पहिले उत्तरच खरे मानावे.