कमानीतले अपुरे अक्षर

बीड जिल्ह्यातली आष्टी (बापू गोखले पडले ती आष्टी वेगळी, सोलापूरकडची) निजामाच्या राज्याच्या पश्चिम टोकाला होती. पलीकडे नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. नगरकडची माणसे आष्टीला ‘मोगलाई’ म्हणत. अशा सरहद्दीवर निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार अशा दोन रुपयांशी गाठ पडायची. त्यामुळे या भागात जुने नाणे पुढे आले की ते ‘वेगळे’ दिसते म्हणजे नेमके कशाहून वेगळे, हे आधी विचारावे लागते.

इथे प्रश्न चारमिनारचे चित्र असलेल्या हाली रुपयाचा आहे. वापरून गुळगुळीत झालेला, हिजरी १३२९ सालचा. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते; या रुपयावर ते अर्धेच उमटल्यासारखे दिसते. पाहणारा दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळा होतो: अक्षर झिजले असावे, किंवा टाकसाळीत ठसा चुकला असावा.

झिजेचे उत्तर नाण्यावरच तपासता येते. झीज उंचवट्यापासून सुरू होते आणि एकाच अक्षराची निवड करत नाही. मिनारांच्या कडा आणि भोवतीची फारसी अक्षरे शाबूत असतील आणि कमानीतल्या अक्षराचीच शेपूट नसेल, तर ती शेपूट मुळात कोरलेलीच नव्हती. ठसा चुकल्याचा तर्कही फार टिकत नाही, कारण असे एखादेच नाणे नाही. याच ठेवणीचे बरेच रुपये सापडतात आणि नाणेसंग्राहक त्यांना स्वतंत्र प्रकार मानतात.

मग हे अक्षर कोणते? चारमिनारची यंत्रावर पाडलेली नाणी हिजरी १३२१, म्हणजे १९०३–०४ पासून निघाली. तेव्हा गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते, म्हणून कमानीत ‘मीम’ असे. २९ ऑगस्ट १९११ रोजी ते वारले आणि उस्मान अली खान गादीवर आले. मीम जाऊन ‘ऐन’ आले, कारण फारसी लिपीत उस्मान हे नाव ऐनने सुरू होते. सुटे लिहिलेले ऐन आरशात पाहिलेल्या इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे दिसते: वर छोटे वळण, खाली मोठे पोट. शब्दाच्या आरंभी मात्र फक्त वरचे वळण राहते आणि पुढच्या अक्षराला जोडले जाते. आपल्या रुपयावर आहे ते हेच आरंभीचे रूप. कोरणाऱ्याने ते नावात जसे असते तसे उचलले असावे, असा माझा तर्क आहे. नंतरच्या सालांच्या नाण्यांवर पूर्ण, पोटवाले ऐन येते. म्हणजे टाकसाळीलाही पहिले रूप पटले नसावे.

आता तारखा जुळवू. हिजरी १३२९ हे साल २ जानेवारी १९११ ला लागले आणि २१ डिसेंबरला संपले. राजा बदलला ऑगस्टअखेरीस. त्यामुळे एकाच सालात मीमही शक्य आहे आणि ऐनही. साल कोणाच्या राज्यातले हे दुसऱ्या बाजूवरच्या जुलूस सालावरून, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेल्या वर्षावरून ठरते. महबूब अली खान १८६९ मध्ये गादीवर आले, त्यामुळे त्यांचा आकडा ४४ च्या आसपास हवा; उस्मान अली खानांचा १. त्यांचे पहिले वर्ष पुढच्या हिजरी सालात शिरते, म्हणून १३३० सोबत १ दिसला तरी ती चूक नव्हे. माथ्यावरचा ९२ हा आकडा काहीजण सालात धरतात. ते साल नाही. अक्षरांना आकडे देणाऱ्या अब्जद गणनेत ‘मुहम्मद’ या नावाची ती बेरीज आहे.

दुसरा संशय वजनाचा. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, कलदार ११.६६ चा. काट्यावर हाली कमी भरतो, म्हणून कडा तासल्याची शंका येते. पण हालीत हजारी ८१८ चांदी, कलदारात सुमारे ९१७. हिशेब केला तर हालीत ९.१४ ग्रॅम चांदी आणि कलदारात १०.६९. सात हालींची चांदी ६४ ग्रॅम, सहा कलदारांची ६४.१५. सात हालीला सहा कलदार हा जो भाव पुढे रूढ होता, तो चांदीच्या या हिशेबाशी जुळतो. हाली रुपया १९५९ मध्ये चलनातून कायमचा बाद झाला.

मजा अशी की त्याच १९११ मध्ये कलदारालाही अक्षराने नव्हे, चित्राने गोत्यात आणले. पंचम जॉर्जच्या अंगावरल्या मानचिन्हाच्या साखळीतला हत्ती इतक्या आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजातून ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांपैकी साधारण ७ लाखच बाहेर पडले, बाकीचे वितळवले. १९१२ च्या रुपयावर हत्तीला मोठे कान आणि नीट सोंड मिळाली. ऐनबद्दल असा गवगवा झाला नाही, त्यामुळे ते रुपये माणसांच्या हातांत झिजत राहिले.

खरी शंका घ्यायची वेळ येते ती वेगळ्याच जोडीवर: कमानीत ऐन आणि मागे जुलूस ४४. तशी जोडी दिसली, तर आधी भिंगाखाली आकडा नीट वाचावा. आणि वाचन बरोबर निघाले, तर नाणे सराफाकडे द्यावे, ते अस्सल आहे की पुढे कुणी घडवले ते पाहायला.